परंड्याची तोफ आणि सास्तूरचा जिना

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे सास्तूरचे दगडमातीचे वाडे कोसळले, माळवदाखाली माणसे गाडली गेली. आता तिथे पुनर्वसनातली सिमेंटची घरे आहेत. त्या पडलेल्या वाड्यांचे वर्णन करू लागलो, की तोंडी येतात ते शब्द दरवाजा, दिवाणखाना, कमान, जिना, तक्तपोशी, हौद. यातला हौद अरबीतून आलेला, बाकीचे फारसीतले. वाडा मराठी माणसाचा, पण त्याच्या माडीवर चढायचे ते फारसी जिन्याने!

हे शब्द आले राज्यकर्त्यांच्या दफ्तरांतून आणि छावण्यांतून. हा सारा टापू आधी बहमनी आणि पुढे आदिलशाही-निजामशाहीच्या ओढाताणीतला, तर कृष्णेपलीकडे विजयनगर. २३ जानेवारी १५६५ ची तालिकोटची लढाई शाळेत आपण धर्मयुद्ध म्हणूनच शिकलो. धर्माची भाषा तिथे होतीच, आणि विजयनगरची राखरांगोळीही खरी. पण त्या लढाईतला रामराया तरुणपणी गोवळकोंड्याच्या कुतुबशहाच्या चाकरीत होता. त्याच्याविरुद्ध उभा ठाकलेला अली आदिलशहा काही वर्षांपूर्वी, रामरायाचा मुलगा वारला तेव्हा, स्वतः विजयनगरला समाचाराला गेला होता. विजयनगरच्या दरबारी पोशाखातली उंच टोपी आणि लांब अंगरखाही इराण-अरबस्तानाकडच्या पद्धतीचा.

धर्मासाठी लढायला निघालेल्यालाही परक्याचे कसब लागतेच. आपल्याच जिल्ह्यातल्या परंडा किल्ल्यावर एके काळी असलेली मुलूख-ए-मैदान तोफ पाहा. ती १५४९ साली अहमदनगरला ओतली महंमद बिन हुसेन रूमी याने. रूमी म्हणजे तुर्कस्तानाकडचा. १६३२ साली ती परंड्याहून विजापूरला नेली आदिलशाहीतल्या मुरार जगदेवाने. म्हणजे तुर्की ओतारी, निजामशाही तोफ आणि ती पळवणारा आदिलशहाचा मराठी ब्राह्मण सरदार. यातली कुठली बाजू कुणाच्या धर्माची, हे ज्याने त्याने ठरवावे.

जेरुसलेमसाठी दोन शतके चाललेल्या लढायांतही असेच घडले. टायर शहराच्या परिसरात वसलेले युरोपीय तिथल्या लोकांकडून ऊस आणि साखर करायला शिकले. आपली शर्करा फारसी-अरबीतून फिरत त्यांच्या भाषांत पोचलीच होती. उसाच्या फडाशेजारी राहणाऱ्या आपल्याला याचे थोडे कौतुक वाटायला हरकत नाही.

अर्थात संपर्क म्हणजे प्रेम नव्हे. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठीच. तरी दफ्तर, तारीख, सरकार हे शब्द मराठीत टिकलेच. आणि इथे हे लिहिणे सोपेही नाही. रझाकारांनी जाळलेली घरे आणि १९४८ च्या पोलिस कारवाईनंतर मारली गेलेली मुसलमान माणसे, दोन्ही आठवणी या जिल्ह्यातल्या घराघरांत आहेत. पुष्कळ घरांत त्यातली एकच सांगितली जाते. जी ज्या घरात सांगत नाहीत, ती तिथल्या मुलांना कोण सांगणार? समान शब्दांची यादी वाचून ते दुःख हलके होत नाही. पण 'त्यांचे' आणि 'आपले' अशी वाटणी करायला बसले, की स्वतःच्या घराचा जिनाही कुणाच्या वाट्याला घालावा ते कळेनासे होते.

पावसाळ्यात मुलांना घेऊन नळदुर्गला जावे. लोहारा ओलांडून सोलापूर-हैदराबाद रस्त्याला लागले, की फार लांब नाही. बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या भिंतीतच पाणीमहाल बांधला आहे. तो १६१३ सालचा, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. या सुलतानाने दखनीत गीते रचली, त्यांत सरस्वतीला नमन केले, आणि लोक त्याला जगद्गुरू म्हणत. बंधारा भरला, की 'नर' आणि 'मादी' अशा दोन धारा खाली झेपावतात. आतल्या सज्जात उभे राहिले तर समोरून पाण्याचा पडदा कोसळत असतो आणि पायाखालची फरशी मात्र कोरडी. रविवारी तिथे गर्दी असते. बुरखा घेतलेल्या आया, नऊवारीतल्या आज्या आणि ओरडणारी पोरे त्या अरुंद सज्जात एकमेकांना सांभाळत उभी असतात. पाण्याच्या आवाजात कोण काय म्हणते ते ऐकू येत नाही.