सायकलची वाट आणि मालमोटारीचा मुक्काम

पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जात असे. आज ही आठवण अभिमानापेक्षा खंतच अधिक उत्पन्न करते. २०१७ च्या डिसेंबरात महानगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेने सायकल आराखड्यास मान्यता दिली, तेव्हा आठशे किलोमीटरहून अधिक लांबीच्या मार्गांचे जाळे विणण्याचा संकल्प सोडण्यात आला. संकल्प उत्तमच होता. परंतु त्याची खरी कसोटी जंगली महाराज रस्त्यासारख्या ऐसपैस रस्त्यावर लागत नाही. ती नाना पेठ, भवानी पेठ, टिंबर मार्केट अशा भागांत लागते. जेथे मालमोटारी दुकानांपुढे उभ्या असतात, टेंपो मागेपुढे होत असतात आणि पाठीवर पोते घेतलेला हमाल वाट काढीत असतो. येथे सायकल चालविणारा बहुधा हौसेखातर नव्हे, तर पोटासाठी ती चालवितो.

अशा रस्त्यासाठी सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे रंगाचा पट्टा. पण रंग मालमोटारीस थोपवीत नाही. पट्ट्यावर एक टेंपो उभा राहिला की सायकलस्वार भर रहदारीत फेकला जातो; म्हणजे ज्या संकटातून त्याला सोडवावयाचे, त्याच संकटात आपण त्याला लोटतो. दुसरा उपाय रस्त्याच्या एकाच कडेस दुहेरी मार्ग करण्याचा. त्याने जागा वाचते, परंतु उलट दिशेने येणाऱ्या सायकलीकडे वळणाऱ्या चालकाचे लक्ष नसते आणि चौकाचौकात धोका वाढतो.

आमच्या मते तिसरी रचनाच ग्राह्य आहे. रस्त्याच्या कडेस माल उतरविण्याची जागा, तिच्या आत मोकळी पट्टी, मग उंचावलेला सायकलमार्ग आणि शेवटी पदपथ. मात्र ही रचना मालमोटारीचे माप घेऊनच करावयास हवी. नियमांनी तिला २.६ मीटरपर्यंत रुंदी मान्य केली आहे. मोटारींसाठी आखलेल्या दोन-सव्वादोन मीटरच्या जागेत ती उभी केल्यास तिचे अंग सायकलमार्गावर येणारच. हमालाचाही विचार आधीच व्हावा. ओझ्याखाली वाकलेला माणूस बाजूस पाहू शकत नाही, एकदम थांबूही शकत नाही. म्हणून जेथे माल उतरतो तेथे मार्ग पदपथाच्या पातळीत आणून पहिला हक्क हमालाचा, हे स्पष्ट करावे. ज्या शहरात हमाल पंचायत उभी राहिली, त्या शहराला हे निराळे सांगण्याची गरज पडू नये.

सर्वांत मोठा धोका डाव्या वळणाचा. चालक उजवीकडे बसतो; डाव्या अंगाशी आलेली सायकल त्याला दिसत नाही आणि वळताना मागची चाके पुढच्यांपेक्षा आतून जातात. यास्तव चौकातील कोपरा आखूड करून मालमोटारीस सावकाश वळावयास लावणे आणि सायकलीस तिच्या पुढे, चालकाच्या दृष्टीसमोर थांबण्याची जागा देणे अगत्याचे आहे.

एवढे सारे बसविण्यास जागा कोठून आणावयाची, असा प्रश्न व्यापारी विचारतील, आणि तो रास्त आहे. माल आल्याशिवाय दुकान चालत नाही. परंतु दुकानापुढे दिवसभर उभ्या असलेल्या वाहनांपैकी मालाची किती आणि मालकाची अथवा शेजाऱ्याची किती, याचे प्रामाणिक उत्तर त्यांनीही द्यावे. जागा काढून घ्यावयाचीच असेल, तर ती मालमोटारीची नव्हे. खासगी मोटारींच्या फुकट मुक्कामाची घ्यावी. माल उतरविण्याच्या वेळा व्यापारी, वाहतूकदार आणि हमाल यांनी एकत्र बसून ठरवाव्यात.

कात्रज-स्वारगेट-हडपसर जलद बसमार्गाबरोबर २००६ नंतर सायकलमार्गही आखले गेले. कोठे खांब, कोठे हातगाड्या, कोठे उभी वाहने, अशी त्यांची अवस्था नागरिकांनी पाहिली आहे. ज्या वाटेवर सायकल चालू शकत नाही तिला सायकलमार्ग म्हणणे ही नागरिकांची फसवणूक आहे. एकच रस्ता निवडा, पण तो नीट करा. पहाटे कामावर निघालेला माणूस संध्याकाळी सुखरूप घरी पोचतो की नाही, यावरच त्या रस्त्याची किंमत ठरेल.