सुपर बोल

सुपर बोल : अमेरिकन फुटबॉल या खेळातील व्यावसायिक संघांचा वार्षिक अजिंक्यपदाचा सामना. तो अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील नॅशनल फुटबॉल लीग या संघटनेतर्फे भरविला जातो. सॉकरहून भिन्न असलेल्या या खेळात प्रत्येक संघाचे ११ खेळाडू मैदानावर असतात आणि लांबट अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावण्यास वा फेकण्यास मुभा असते.

या सामन्याचा उगम दोन संघटनांच्या व्यापारी चढाओढीत आहे. जुनी संघटना १९२० मध्ये ओहायओ राज्यातील कँटन येथे स्थापन झाली. तिला नॅशनल फुटबॉल लीग हे नाव १९२२ मध्ये मिळाले. तिच्यात संघ मिळविण्याचे प्रयत्न निष्फळ ठरल्यावर टेक्ससमधील एका तेलसम्राटाचे पुत्र लामार हंट यांनी १९५९ मध्ये अमेरिकन फुटबॉल लीग उभारली. महाविद्यालयीन खेळाडूंना आपल्याकडे ओढण्यासाठी दोन्ही संघटना चढत्या रकमा देऊ लागल्या. हा खर्च असह्य होऊन ८ जून १९६६ रोजी समझोता जाहीर झाला. त्यानुसार दोन्ही विजेत्यांत दरवर्षी सामना व्हावा आणि १९७० पासून संघटना एक व्हाव्यात, असे ठरले. मक्तेदारीविरोधी कायद्याची अडचण काँग्रेसने त्याच वर्षी दूर केली.

पहिला सामना १५ जानेवारी १९६७ रोजी लॉस अँजेल्स येथे झाला. त्यात ग्रीन बे पॅकर्सने हंट यांच्याच कॅनझस सिटी चीफ्सचा ३५–१० असा पराभव केला. प्रेक्षागाराचा सुमारे एक-तृतीयांश भाग रिकामा होता. पुढील वर्षी पॅकर्सनेच ओकलंड रेडर्सला ३३–१४ असे नमविले. त्यामुळे नवी संघटना जुनीच्या तोडीची नाही, हा समज दृढ झाला व नियोजित विलीनीकरण बरोबरीचे ठरेल की नाही, अशी शंका निर्माण झाली.

ही शंका १२ जानेवारी १९६९ रोजी मायामी येथे फिटली. बॉल्टिमोर कोल्ट्स सहज जिंकणार, असे जाणकारांचे भाकीत असताना न्यूयॉर्क जेट्सचा जो नेमथ याने तीन दिवस आधी विजयाची जाहीर हमी दिली. जेट्सने १६–७ असा विजय मिळविला. १९७० मध्ये चीफ्सने मिनेसोटा व्हायकिंग्जला २३–७ असे हरविले व पहिल्या चार सामन्यांत दोन्ही संघटना समसमान ठरल्या. त्याच वर्षी विलीनीकरण पूर्ण झाले. तेव्हापासून हा सामना एकाच संघटनेच्या दोन विभागांतील विजेत्यांमध्ये होतो.

महाविद्यालयीन हंगामाअखेरच्या सामन्यांना वाडग्याच्या आकाराच्या क्रीडांगणांवरून ‘बोल’ म्हणण्याचा प्रघात होता. त्याला ‘सुपर’ हे विशेषण हंट यांनी जोडले. सामन्यांचा क्रम रोमन अंकांनी दर्शवितात. २०१६ मधील पन्नासावा सामना मात्र यास अपवाद होता. विजेत्या संघास दिल्या जाणाऱ्या चांदीच्या करंडकाला पॅकर्सचे प्रशिक्षक व्हिन्स लाँबार्डी यांचे नाव त्यांच्या १९७० मधील निधनानंतर देण्यात आले.

१९७२ च्या हंगामातील सर्व सामने जिंकून मायामी डॉल्फिन्सने १९७३ मध्ये अजिंक्यपद मिळविले. १९८८ मध्ये वॉशिंग्टन संघाचा डग विल्यम्स हा विजेत्या संघाचे आक्रमण हाताळणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक ठरला. पिट्सबर्ग स्टीलर्स व न्यू इंग्लंड पेट्रिअट्स या संघांनी प्रत्येकी सहा वेळा अजिंक्यपद पटकाविले आहे. रिकाम्या आसनांनी सुरू झालेला हा सामना २०२४ मध्ये अमेरिकेतील १२ कोटींहून अधिक लोकांनी पाहिला.