हिनाता की साकुरा?

अ‍ॅनिमे बघणारे चार जण कँटीनमध्ये एका टेबलाशी बसले की चहा येण्याआधी एक प्रश्न हमखास निघतो: नारुतोला कोण शोभते, हिनाता की साकुरा? बाजूच्या टेबलावरचे हसतात. कथा कधीच संपली, नारुतोने हिनाताशी लग्न केलं, त्यांना दोन मुलं झाली, मग आता भांडण कसलं? पण भांडण आहे आणि ते दिसतं तितकं पोरकट नाही. मी साहित्याची विद्यार्थिनी असल्यामुळे असेल, पण मला त्यात वर्गात शिकलेल्या बऱ्याच गोष्टी सापडतात.

ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मासाशी किशिमोतो यांची 'नारुतो' ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, १९९९ ते २०१४ या काळात 'शोनेन जम्प' या साप्ताहिकात आली. ७०० प्रकरणं, ७२ खंड. नारुतो हा अनाथ मुलगा. त्याच्या पोटात नऊ शेपट्यांचा एक भयंकर कोल्हा कोंडलेला असतो, त्यामुळे सगळं गाव त्याला टाळतं. त्याला गावाचा प्रमुख व्हायचंय, म्हणजे मग सगळ्यांना त्याच्याकडे बघावंच लागेल. साकुरा त्याच्या तुकडीतली. पहिल्यापासून ती त्याला आवडते, पण तिचा सगळा जीव सासुकेवर. हिनाता मोठ्या घराण्यातली, बोलताना अडखळणारी. ती झाडाआडून नारुतोकडे बघत असते आणि याला पत्ताच नसतो.

चाहत्यांच्या भाषेत अशी जोडी मनाने जुळवण्याला 'शिपिंग' म्हणतात. जहाजाशी त्याचा संबंध नाही, 'रिलेशनशिप' या शब्दाचं ते शेपूट आहे. दोन नावं अर्धी अर्धी जोडून गटांची नावंही तयार होतात: नारुहिना, नारुसाकु. आमच्या चर्चमध्ये लग्नाआधी वधूवरांची नावं तीन रविवार जाहीर करतात आणि कुणाची हरकत असेल तर कळवायला सांगतात. नारुतोचं नाव असं वाचलं गेलं असतं तर फादरच्या दारात रांग लागली असती.

आता एवढा वाद का होतो? माझ्या मते, या कथेत प्रेम फार कमी लिहिलंय म्हणून. 'शोनेन जम्प' हे मुख्यतः मुलांसाठी काढलेलं, मारामाऱ्या आणि मैत्रीच्या गोष्टींचं साप्ताहिक. आठवड्याला वीसेक पानं, त्यात लढाई पुढे सरकली पाहिजे. प्रेमाच्या वाट्याला येते एखादी चौकट. एक नजर, अर्धवट राहिलेलं वाक्य, कुणी कुणाला कसं हाक मारतं तेवढं. हिनाता 'नारुतो-कुन' म्हणते, साकुरा नुसतं 'नारुतो'. एकीच्या तोंडी आदराचं शेपूट, दुसरीच्या तोंडी सवयीची सलगी. आता यातलं प्रेम कुठलं? लेखक सांगत नाही, म्हणून वाचक सांगतो. कवितेच्या तासाला आम्ही एका शब्दावर पाऊण तास घालवतो, हे त्याहून वेगळं नाही.

हिनाताच्या बाजूचे लोक परीक्षेच्या सामन्यांपासून सुरुवात करतात. तिथे ती आपल्या चुलतभावासमोर, नेजीसमोर हरत असते आणि नारुतो तिला ओरडून धीर देतो. पुढे नेजीशी स्वतः लढायला निघण्याआधी तो तिला सांगतो की तिच्यासारखी माणसं त्याला आवडतात. तो हे अगदी सहज बोलून जातो, पण तिला ते पुरतं. मग येतं ४३७ वं प्रकरण, २००९ सालचं. पेन नावाच्या शत्रूने नारुतोला जमिनीला खिळवून टाकलंय, कुणी पुढे येत नाही आणि हीच मुलगी येते. आपण हरणार हे तिला माहीत असतं. तुला वाचवताना मरायची मला भीती नाही, कारण माझं तुझ्यावर प्रेम आहे, अशा अर्थाचं ती बोलते, आणि काही क्षणांत कोसळते. ती मेली असं वाटून नारुतोमधला कोल्हा उसळून बाहेर येतो.

खरी गंमत यानंतर आहे. या कबुलीला नारुतो मांगात शब्दांनी उत्तरच देत नाही. गाव पुन्हा उभं राहतं, महायुद्ध सुरू होतं, वर्षं जातात. युद्धात नेजी मरतो तेव्हा हिनाता खचलेल्या नारुतोला सावरते आणि तो तिचा हात हातात घेतो. उत्तर म्हणायचं तर तेवढंच. साकुरावाले म्हणतात, ही दया झाली. हिनातावाले म्हणतात, तुम्हाला हात दिसत नाही का?

साकुराची बाजूही काही लंगडी नाही. हे दोघं बरोबर वाढतात, बरोबर मार खातात. सासुकेला परत आण म्हणून ती रडत त्याला विनवते आणि तो आयुष्यभराचं वचन देतो. नारुतोची आई त्याच्या जन्माच्या रात्रीच मरते. मरण्याआधी ती म्हणते की त्याने तिच्यासारखी मुलगी शोधावी, आणि ती स्वतः तापट, हात उगारणारी, म्हणजे थेट साकुरासारखी. पुढे युद्धभूमीवर नारुतोचे मेलेले वडील परत येतात तेव्हा साकुराला विचारतात, तू माझ्या मुलाची मैत्रीण का? नारुतो ऐटीत हो म्हणतो, ती चिडते. हा विनोद होता की सूचना? यावर मी स्वतः एका मैत्रिणीशी दोन दिवस अबोला धरलाय.

पण नारुसाकुच्या विरुद्धचा सगळ्यात मोठा पुरावा मला साकुराच्याच कबुलीत दिसतो. ४६९ व्या प्रकरणात, बर्फात, ती नारुतोला सांगते की आता तिचं त्याच्यावर प्रेम आहे. ते खोटं असतं. त्याने वचनासाठी जीव धोक्यात घालू नये म्हणून ती तसं बोलते. ज्या वाक्याची त्याने लहानपणापासून वाट पाहिली तेच वाक्य समोर येतं आणि तो ते घेत नाही. स्वतःशी खोटं बोलणारी माणसं मला आवडत नाहीत, असं तिला तोंडावर सांगतो. आपल्या सिनेमांत नायक पोरीच्या मागे मागे फिरतो आणि शेवटी ती 'हो' म्हणाली की पडद्यावर गाणं सुरू होतं. इथे 'हो' मिळूनही मुलगा थांबतो. नारुतो मला जेवढा आवडतो, त्यातला बराचसा या पानामुळे.

तरीही हिनाताशी त्याचं प्रेम मांगात पुरेसं लिहिलं गेलंय असं मी म्हणणार नाही. शेवटच्या प्रकरणात एकदम काही वर्षं पुढे उडी आहे. नारुतो गावप्रमुख झालाय, घरी हिनाता आणि मुलं आहेत. लग्न दिसतच नाही. मधली जागा भरली ती डिसेंबर २०१४ मध्ये जपानात आलेल्या 'द लास्ट' या चित्रपटाने. त्यात नारुतो एका मायाजालात हिनाताच्या आठवणी पाहतो आणि आपणही तिच्यावर प्रेम करतो हे त्याला उमगतं. साकुरा आवडायची ती सासुकेकडून हरायचं नव्हतं म्हणून, असं स्पष्टीकरणही येतं. पंधरा वर्षांच्या ओढीचा निकाल एका वाक्यात! चित्रपटातला लाल मफलर छानच आहे, पण हे वाक्य मला लेखकाने घाईने लिहिलेल्या खुलाशासारखं वाटतं. खुलासा करावा लागतो याचा अर्थ वाचकांना काहीतरी वेगळं दिसलं होतं.

हे नवीनही नाही. लुईसा मे अल्कॉटच्या 'लिटल विमेन'चा पहिला भाग १८६८ मध्ये आला तेव्हा वाचक मुलींना ज्योचं लग्न लॉरीशी व्हायला हवं होतं. अल्कॉटने ठाम नकार दिला आणि दुसऱ्या भागात ज्योसाठी एक मध्यमवयीन जर्मन प्राध्यापक आणला. दीडशे वर्षं झाली, लॉरीवाले अजून हटलेले नाहीत.

मी शाळेत असताना कट्टर साकुरावाली होते. आता पुन्हा वाचताना मला प्रश्नच खटकतो. 'नारुतोला कोण शोभते' असं विचारलं की दोन्ही मुली परीक्षेला बसल्यासारख्या होतात. एकीचे गुण निष्ठेला, दुसरीचे सहवासाला. उलटं कुणी विचारत नाही: हिनाताला नारुतो शोभतो का? तिची स्वतःची एक गोष्ट होती. वडिलांनी कमजोर म्हणून बाजूला केलेली, धाकट्या बहिणीपेक्षा कमी मानलेली मुलगी, जिला स्वतःच्या पायांवर उभं राहायचं होतं. नारुतो तिची प्रेरणा होता, पण प्रेमकथा पूर्ण होताना ती गोष्ट मात्र अर्ध्यावर राहिली. साकुराचंही तेच. ती निष्णात वैद्य झाली, हवा तो नवराही तिला मिळाला, आणि तो वर्षानुवर्षं बाहेर असल्याने मुलीला तिने एकटीने वाढवलं.

जोडी जमल्यावर पुढे काय होतं हे २०१५ च्या 'बोरुतो' चित्रपटात दिसतं. धाकट्या मुलीचा, हिमावारीचा वाढदिवस आहे. हिनाताने तयारी केलीय, घरातले जमलेत, गावप्रमुख नारुतो केक हातात घेऊन येतो. तो खरा नारुतो नसतो. कामाच्या ढिगाऱ्यात अडकलेल्या नारुतोने पाठवलेली ती त्याची छाया असते. खरा नारुतो दमल्यामुळे ती मध्येच विरून जाते, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत केक जमिनीवर पडतो.