शेवटची मशाल कोणाच्या हाती?

लेखमाला : ऑलिम्पिकची जडणघडण – भाग 7

मागच्या भागात आपण ज्योतीचा प्रवास पाहिला. ग्रीसमधल्या ऑलिंपियाच्या भग्नावशेषांत अंतर्गोल आरशाने सूर्यकिरणं एकवटून ती पेटवली जाते आणि हजारो हातांमधून यजमान शहरापर्यंत पोचते. हा भाग त्या प्रवासाच्या अगदी शेवटच्या टप्प्याचा आहे. मशाल उद्घाटनाच्या ठिकाणी येते, एकाकडून दुसऱ्याकडे जाते आणि कुंड पेटवणारा शेवटचा हात कोणाचा, हे त्या क्षणापर्यंत जगाला ठाऊक नसतं. त्याआधीचे कित्येक महिने यजमान देशात याच प्रश्नावर तर्क लढवले जातात. वर्तमानपत्रं संभाव्य नावांच्या याद्या छापतात, सट्टेबाज भाव जाहीर करतात, जुन्या खेळाडूंना गाठून ‘तुम्हीच ना?’ असं विचारलं जातं आणि ते हसून विषय बदलतात.

तर्क नेमके या एकाच जागी का एकवटतात? कारण सोहळ्यातलं बाकी बरंच काही आधीच ठरलेलं असतं. ऑलिम्पिकची सनद आणि तिच्या जोडीचे शिष्टाचाराचे नियम काटेकोर आहेत. यजमान देशाच्या प्रमुखाने स्पर्धा खुली झाल्याचं जाहीर करायचं ते ठरलेल्या एका वाक्यात. पदरचं भाषण करायला मुभा नाही. संचलनात ग्रीस सर्वांत पुढे, यजमान सर्वांत शेवटी. मधले देश यजमानांच्या भाषेतल्या क्रमाने येतात. त्यामुळेच 1988 मध्ये सोलला ग्रीसमागोमाग घाना आला आणि चिनी अक्षरांच्या रेघा मोजून क्रम लावणाऱ्या बीजिंगमध्ये 2008 साली तो मान गिनीला मिळाला. 2021 मध्ये झालेल्या टोकियोच्या स्पर्धेपासून निर्वासितांचा संघ ग्रीसपाठोपाठ चालतो आणि पुढच्या दोन स्पर्धांचे यजमान शेवटच्या यजमानाच्या लगेच आधी येतात. ही प्रथा कायम राहिली, तर 2028 मध्ये लॉस एंजेलिसला अमेरिकेच्या आधी ऑस्ट्रेलिया दिसेल, कारण 2032 ची स्पर्धा ब्रिस्बेनला आहे. आणि 2036 चा यजमान तोवर ठरला असेल, तर तो ऑस्ट्रेलियाच्या आधी. भारताने 2036 साठी इच्छा दर्शवली आहे, त्यामुळे या जागेकडे माझं विशेष लक्ष असेल.

म्हणजे संचलन, ध्वज, शपथ हे सगळं चौकटीत बांधलेलं. मनोरंजनाच्या भागात दिग्दर्शकाला मोकळीक असते, पण तालमींना हजारो कलाकार असल्याने तिथलं थोडंफार बाहेर झिरपतंच. पूर्ण झाकलेलं राहू शकतं ते शेवटच्या मशालीचं नाव. सनदेत ज्योत पेटवलीच पाहिजे असं आहे, ती कोणी पेटवावी याबद्दल काही नाही.

गुपित राखणं मात्र सोपं नाही. कुंड म्हणजे नुसतं भांडं नव्हे. त्याला वायूच्या नळ्या लागतात, झडपा लागतात, उचलणारी यंत्रणा लागते, अग्निशमनाची मंजुरी लागते. इतक्या माणसांच्या हाताखालून गेलेली गोष्ट लपवायची, म्हणून तालमी रात्री उशिरा होतात आणि कामाला टोपणनावं दिली जातात. 2012 च्या लंडन स्पर्धेच्या कुंडाचं टोपणनाव होतं ‘बेटी’. त्या सोहळ्याचे दिग्दर्शक डॅनी बॉइल यांनी तर वेगळाच मार्ग धरला. रंगीत तालमींना त्यांनी हजारो प्रेक्षकांना स्टेडियममध्ये बोलावलं आणि मोठ्या पडद्यावरून त्यांना एकच विनंती केली : पाहिलेलं बाहेर सांगू नका. समाजमाध्यमांच्या काळातही लोकांनी ती बहुतांशी पाळली. मला ही त्या सोहळ्याची फार मोठी कमाई वाटते. माणसांवर विश्वास टाकला की ती तो सांभाळतात, याचा असा जाहीर पुरावा क्वचितच मिळतो.

लंडनच्या वेळी तर्क करणाऱ्यांच्या याद्यांत तीन नावं हमखास असत. सलग पाच ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक मिळवणारे नौकापटू स्टीव्ह रेडग्रेव्ह, चार मिनिटांच्या आत मैल धावणारे पहिले धावपटू रॉजर बॅनिस्टर आणि डेकॅथलॉनचे दोन वेळचे विजेते डेली थॉम्पसन. 27 जुलैच्या रात्री डेव्हिड बेकहॅम थेम्समधून वेगवान बोटीने मशाल घेऊन आला. ती रेडग्रेव्ह यांच्या हाती गेली, तेव्हा आपला अंदाज खरा ठरला असं कित्येकांना वाटलं असणार. रेडग्रेव्ह मशाल घेऊन आत आले आणि त्यांनी ती सात तरुण खेळाडूंच्या हवाली केली. ही मुलं-मुली जगाला अनोळखी होती. ब्रिटनच्या सात नामवंत ऑलिम्पिकपटूंनी एकेकाची शिफारस केली होती.

पण खरी गंमत कुंडाची होती. संचलनात प्रत्येक संघाबरोबर एक मूल तांब्याची एक पाकळी घेऊन चालत होतं. कोट्यवधी लोक ते डोळ्यांनी पाहत होते आणि कोणाच्याही लक्षात येत नव्हतं की कुंडच तुकड्यातुकड्यांनी आत येत आहे. थॉमस हेदरविक यांच्या रचनेत अशा 204 पाकळ्या होत्या. सात मशालींनी काही पाकळ्या पेटल्या, त्यांच्यापासून इतर पेटल्या, मग लांब दांड्यांवरच्या त्या पाकळ्या हळूहळू वर उठून एकत्र आल्या आणि एकच ज्वाला झाली. स्पर्धा संपल्यावर कुंड पुन्हा सुटं झालं, पाकळ्या त्या त्या देशांना देण्यात आल्या. सगळे ‘कोण’ याचा शोध घेत होते आणि बॉइल यांनी ‘कोण एक’ हा प्रश्नच बाजूला ठेवला.

माझं मत असं, की हे तर्क बहुतेकदा एकाच कारणाने चुकतात. आपण पदकं मोजतो, प्रसिद्धी मोजतो. निवडणाऱ्यांसमोरचा प्रश्न वेगळा असतो : आज जगासमोर उभं राहताना या देशाला स्वतःबद्दल काय सांगायचं आहे? तो नीट सोडवला गेला तर निवड वर्षानुवर्षं मनात राहते. चुकीचा सोडवला गेला तर तेही लक्षात राहतं. 1948 मध्ये लंडनला अनेकांना सिडनी वुडरसन हवे होते. चष्मा लावणारे, किरकोळ अंगाचे, पण मैलाच्या शर्यतीचे विश्वविक्रमवीर. आयोजकांनी त्यांना डावलून केंब्रिजच्या उंच, देखण्या जॉन मार्क यांना निवडलं. युद्धाने पोळलेल्या शहराला वुडरसन आपला माणूस वाटला असता. त्या जागी रुबाब निवडला गेला, आणि ती निवड मला आजही खटकते.

चारच वर्षांनी हेलसिंकीत याच्या अगदी उलट घडलं. खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळवलं ती हीच स्पर्धा. नाव गुप्त होतं. मशालधारी आत आला, फलकावर नाव झळकलं : पावो नुर्मी. नऊ सुवर्णपदकांचा हा धावपटू तेव्हा 55 वर्षांचा होता. 1932 मध्ये पैसे घेऊन धावल्याच्या आरोपावरून त्याला ऑलिम्पिकमधून बाहेर ठेवलं होतं. त्याला पाहायला मैदानावर शिस्तीत उभ्या असलेल्या देशोदेशीच्या खेळाडूंनी रांगा मोडल्या. जगाने ज्याला दाराबाहेर काढलं, त्याला फिनलंडने मानाने आत आणलं होतं.

ॲटलांटात 19 जुलै 1996 च्या रात्री जे झालं, ते या निवडीचं सर्वांत मोठं उदाहरण आहे. स्पर्धेचे प्रमुख बिली पेन यांच्या मनात आधी शहराचाच मुष्टियोद्धा इव्हँडर होलिफिल्ड होता. मुहम्मद अलींचं नाव टीव्ही कंपनीतले डिक एबरसोल यांनी लावून धरलं आणि पेन यांना पटायला वेळ लागला. कारणं उघड होती. अलींनी 1967 मध्ये व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात जायला नकार दिला होता, त्यांचा जगज्जेतेपदाचा किताब काढून घेतला गेला होता आणि दक्षिणेकडच्या कितीतरी अमेरिकनांना तो राग विसरता आला नव्हता. शेवटी होलिफिल्डने मशाल आत आणली, पुढे जलतरणपटू जॅनेट इव्हान्स ती घेऊन लांब चढण चढली आणि वर अंधारातून पांढऱ्या कपड्यांतले अली पुढे आले. पार्किन्सन्सने डावा हात थरथरत होता, उजव्या हातात मशाल होती. आधी क्षणभर शांतता, मग अख्ख्या स्टेडियमचा आवाज. ज्या माणसाला देशाने एकेकाळी गुन्हेगार ठरवलं, त्याच्याच हातून देशाने आपली ज्योत पेटवून घेतली. माफीचं भाषण कोणी केलं नाही, त्याची गरजही पडली नाही.

सिडनीने 2000 मध्ये हा धागा पुढे नेला. ऑलिम्पिकमधल्या महिलांच्या सहभागाला शंभर वर्षं झाली होती, म्हणून स्टेडियममध्ये मशाल फक्त ऑस्ट्रेलियाच्या महिला खेळाडूंच्या हातून फिरली. चाकांच्या खुर्चीतल्या बेटी कथबर्टपासून डॉन फ्रेझर, शेन गूल्डपर्यंत. यांतलीच एखादी शेवटची असणार असं वाटत असताना मशाल पोचली कॅथी फ्रीमनकडे. ती आदिवासी समाजातली, आणि दहा दिवसांनी 400 मीटरच्या अंतिम फेरीत धावणार होती. इतकं ओझं असलेल्या खेळाडूला कोणी हे काम देईल, असं फार थोड्यांना वाटलं असेल. 1994 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने विजयानंतर आदिवासींचा ध्वज हाती घेतला, म्हणून संघप्रमुखांनी तिला फटकारलं होतं. आता ती पाण्याच्या मधोमध उभी होती आणि भोवतीने आगीचं कडं वर उठत होतं. मग यंत्रणा अडली. कुंड मध्येच थांबलं आणि ओल्या कपड्यांत ती काही मिनिटं तशीच निश्चल उभी राहिली. 25 सप्टेंबरला तिने 400 मीटरचं सुवर्ण जिंकलं.

इतर उदाहरणं थोडक्यात. सोलमध्ये लोकांना सोन की-चुंग कुंड पेटवतील असं वाटत होतं. 1936 मध्ये जपानच्या ध्वजाखाली, जपानी नावाने मॅरेथॉन जिंकावी लागलेला हा कोरियन धावपटू. ते 76 व्या वर्षी आनंदाने उड्या मारत मशाल घेऊन आत आले, पण कुंड दुसऱ्यांनी पेटवलं. रिओत 2016 ला सगळ्यांच्या तोंडी पेले होते. प्रकृतीमुळे येता येणार नाही, असं त्यांनी त्याच दिवशी कळवलं आणि कुंड पेटवलं व्हँडरले डी लिमा यांनी. 2004 च्या अथेन्स मॅरेथॉनमध्ये आघाडीवर असताना एका प्रेक्षकाने त्यांना पकडून रस्त्याबाहेर ढकललं होतं, तरी ते पुन्हा धावून तिसरे आले होते. पॅरिसमध्ये 2024 ला फुटबॉलपटू झिनेदिन झिदान यांचं नाव गाजत होतं. झिदान आले, पण मशाल देऊन बाजूला झाले. चाकांच्या खुर्चीतल्या शंभर वर्षांच्या सायकलपटू चार्ल्स कोस्ट यांच्याकडून ती ज्यूदोपटू टेडी रिनेर आणि धावपटू मारी-जोझे पेरेक यांच्याकडे गेली आणि कुंड फुग्याला टांगून वर गेलं. त्यात इंधनाची आग नव्हतीच, पाण्याचं धुकं आणि प्रकाश होता.

आता लॉस एंजेलिस. उद्घाटन 14 जुलै 2028 ला आहे, आणि ते मेमोरियल कॉलिझियम व सोफाय स्टेडियम अशा दोन ठिकाणी मिळून होणार आहे. कॉलिझियममध्ये 1932 पासूनचं कुंड आजही आहे. 1984 मध्ये डेकॅथलॉनविजेते राफर जॉन्सन यांनी उंच जिना चढून तिथली ज्योत पेटवली होती. दोन जागा म्हणजे दोन ज्योती असतील का? मिलान-कोर्तिनाच्या हिवाळी स्पर्धेने 2026 मध्ये दोन शहरांत दोन कुंडं पेटवलीच. त्यामुळे हे अशक्य मुळीच नाही.

नावांची चर्चा फेल्प्स, बाइल्स, सेरेना विल्यम्स यांच्याभोवती फिरत राहील. त्यांतलं कोणी निवडलं गेलं तर कोणी तक्रार करणार नाही. शहराचा विचार केला, तर ॲलिसन फेलिक्सचा दावा मला जास्त भक्कम वाटतो. लॉस एंजेलिसमध्येच ती वाढली, ट्रॅकवर 11 ऑलिम्पिक पदकं मिळवली आणि आई झाल्यावर गर्भवती खेळाडूंच्या हक्कांसाठी प्रायोजकाशी जाहीर भांडली. जॅनेट इव्हान्स या वेळी आयोजन समितीत खेळाडूंच्या बाजूने मोठ्या पदावर आहेत, हेही विसरू नका. ॲटलांटात त्या रात्री अलींच्या हाती मशाल देणारी व्यक्ती निवडीच्या खोलीच्या इतकी जवळ आहे.

पण मला विचाराल तर मी दोन नावं घेईन : टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस. 16 ऑक्टोबर 1968 ला मेक्सिको सिटीत 200 मीटरच्या विजयमंचावर त्यांनी काळे हातमोजे घातलेल्या मुठी उंचावल्या आणि त्यांना स्पर्धेतून घरी पाठवण्यात आलं. अमेरिकेच्या ऑलिम्पिक संस्थेने त्यांना आपल्या सन्मान दालनात घेतलं ते 2019 मध्ये, 51 वर्षांनी. दोघांनीही धावण्याचं शिक्षण घेतलं ते याच कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेमध्ये. 2028 च्या जुलैमध्ये स्मिथ 84 वर्षांचे असतील, कार्लोस 83. वयाची अडचण कोणी सांगू नये. कोस्ट शंभरीत होते. अडचण असेल ती धैर्याची, कारण ऑलिम्पिकच्या ज्या व्यवस्थेने त्यांना हाकललं, तिच्याच सोहळ्यात त्यांना मशाल द्यावी लागेल, आणि तेही राष्ट्राध्यक्षांसमोर. अलींच्या वेळी पेन यांचं मन वळवायला एक एबरसोल होते. तसं कोणी या वेळी त्या खोलीत असलं, तर भारतात 15 जुलैच्या सकाळी आपण दोन म्हाताऱ्या हातांत एकच मशाल पाहू.