प्रवरेच्या उगमाकडे

मोठ्या कुटुंबात प्रवासाचा बेत ठरणे हे लग्न ठरण्याइतकेच बिकट असते. कोणाची परीक्षा, कोणाचा उपवास, कोणाला घाटात मळमळते, कोणाला परक्या घरी झोप लागत नाही. या सर्वांची मोट बांधता बांधता सुटी संपून जाते. बेत तडीस गेलाच, तरी आधीचे दोन दिवस दशम्या, चिवडा, औषधांच्या डब्या आणि पांघरुणे यांत खर्ची पडतात. हे काम ज्यांच्या वाट्यास येते त्या गृहिणी मोटारीत बसतात तेव्हाच थकलेल्या असतात. सहल इतरांची होते. त्यांच्या बाबतीत स्वयंपाकघराची जागा तेवढी बदलते. म्हणूनच गेल्या भाद्रपदात कसल्याही तयारीवाचून आमच्या घरी घडलेल्या दोन दिवसांच्या प्रवासाची हकीकत वाचकांपुढे ठेवावीशी वाटते.

गौरींचे विसर्जन होऊन तीन दिवस झाले होते. त्या शनिवारी आमच्या नाशिकच्या घरी मुंबईचे पाहुणे यावयाचे होते आणि वहिनींनी पहाटेपासून खपून पुरणपोळ्या, मसालेभात व बटाट्याची भाजी सिद्ध केली होती. नऊच्या सुमारास पाहुण्यांचा दूरध्वनी आला की, येणे रहित झाले. सगळे हिरमुसले. आमची आई मात्र म्हणाली, "स्वयंपाक तर झालाच आहे. तो घरीच बसून जेवायला हवा असे कोणी सांगितले?" आईचे वय शहात्तर. तिनेच असे म्हटल्यावर हरकत घेणार कोण? तासाभरात आम्ही लहानमोठी सात माणसे दादांच्या मोटारीत बसून घोटीच्या रस्त्यास लागलो.

नाशिकहून भंडारदरा सुमारे सत्तर किलोमीटर. घोटी मागे पडली की सह्याद्रीचे उंच कडे जवळ येऊ लागतात. भातखाचरांत पीक पोटरीवर आले होते, बांधांवर पिवळी सोनकी व गुलाबी तेरडा दाटला होता आणि प्रत्येक कड्यावरून पाण्याच्या पांढऱ्या रेघा उतरत होत्या. या डोंगरांना एकावर एक रचलेल्या पायऱ्यांसारखा आकार आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्हारसाचे थरांवर थर येऊन थिजले, त्यांतील कठीण थरांचे कडे झाले व मऊ थर झिजून त्यांचे उतार बनले. हे पुतण्याने सांगितले, तेव्हा पुस्तकात वाचलेला भूगोल मुलांनी प्रथमच डोळ्यांनी पाहिला.

बारी हे कळसूबाईच्या पायथ्याचे गाव. शिखराची उंची १६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५४०० फूट. महाराष्ट्रात याहून उंच स्थळ नाही. शिखरावर देवीचे लहानसे मंदिर आहे आणि नवरात्रात तेथे यात्रा भरते. आईला चढणे शक्य नव्हते, म्हणून आम्ही खालूनच हात जोडले. चहाच्या टपरीवरील बाईने देवीची कथा सांगितली. कळसू ही कोळ्याची मुलगी. भांडी घासावयाची नाहीत व केर काढावयाचा नाही, या अटीवर ती पाटलाच्या घरी कामास राहिली. एके दिवशी कामाच्या गर्दीत तिला नेमके तेच सांगण्यात आले. तिने ते निमूटपणे केले, आणि मग जी डोंगरावर निघून गेली ती पुन्हा खाली आली नाही. वहिनींनी ही कथा दोनदा सांगावयास लावली. "पाटलांनी अट मोडली, म्हणून डोंगराला देवी मिळाली," असे त्या म्हणाल्या, तेव्हा दादा डोंगराकडे फारच बारकाईने पाहू लागले.

शेंडी गावाजवळ प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण आहे. याचे काम १९१० साली सुरू होऊन १९२६ साली पुरे झाले. उंची सुमारे २७० फूट, बांधणी दगडी. तत्कालीन गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचे नाव त्यास देण्यात आले. या पाण्याने खालच्या कोरड्या मुलुखात उसाचे मळे उभे राहिले, आणि १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीस सहकारी साखर कारखाना निघाला, हा इतिहास वाचकांस ठाऊक आहेच. धरणाकाठी चटया पसरून आमचे पुरणपोळीचे जेवण झाले. इथून परतावे असा विचार होता. पण जलाशयाभोवती फिरणारा रस्ता समोर दिसत होता आणि मुले ऐकेनात.

घाटघरला पोहोचतो तो दुपारी चारलाच धुके असे दाटले की, दहा हातांवरचे झाड दिसेना. अशा रस्त्याने आईला घेऊन परत फिरणे धोक्याचे होते. जवळच्या एका पाड्यातील महादेव कोळी कुटुंबाने आम्हांस रात्रीपुरता आसरा दिला. घरची वृद्धा चुलीशी बसली होती. सवयीने वहिनी पदर खोचून उठल्या, तशी ती म्हणाली, "तुम्ही पाव्हण्या. बसा घटकाभर." वहिनी बसल्या. आमची आई एरवी बाहेरचे अन्न घेत नाही. त्या दिवशी तिने पुढे आलेली नाचणीची भाकरी व उडदाची आमटी हात जोडून घेतली आणि अर्धी भाकरी मागूनही घेतली. झोपताना वहिनी मला म्हणाल्या, "भावजी, माहेर सोडले तर अठ्ठावीस वर्षांत रात्रीचे ताट बसल्या जागी समोर आले ते आजच." या वाक्यावर मला उत्तर सुचले नाही, आजही सुचत नाही.

रात्री कौलांवर पाऊस कोसळत असता त्या वृद्धेने पाण्याची गोष्ट काढली. चैत्र-वैशाखात एका हंड्यासाठी उतार उतरून झऱ्याशी जावे लागते व रात्रीच रांग लावावी लागते. हे ऐकून मुले चकित झाली. पूर्वीचा अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनचा अहिल्यानगर जिल्हा अवर्षणाबद्दल प्रसिद्ध. त्याचे हे पश्चिम टोक मात्र अतिवृष्टीचे. पण कातळ कठीण आणि उतार तीव्र, त्यामुळे पडलेले पाणी मुरत नाही. ते धावत सुटते आणि खालच्या लोकांचे होते. घाटघरलाच २००८ पासून २५० मेगावॉटचा वीजप्रकल्प आहे. त्यात मागणीच्या वेळी पाणी कोकणाच्या बाजूस सोडून वीज काढतात व मागणी उतरली की तेच पाणी पंपाने वर चढवितात. "पाणी डोंगर चढतंय, आन् आम्ही उतरतो," असे वृद्धा हसत म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते आम्हांस अधिक लागले.

पहाटे धुके विरले. घाटघरच्या कड्यावरून खाली शहापूरकडचे कोकण पसरलेले होते आणि उत्तरेस अलंग, मदन, कुलंग हे तीन दुर्ग उन्हात न्हात होते. तेथून साम्रदवरून आम्ही रतनवाडीस आलो. रतनगडाच्या पायथ्याशी अमृतेश्वराचे प्राचीन कोरीव शिवालय आहे. ते शिलाहार राजा झंझाच्या काळचे मानतात. शेजारी कोनाड्यांची रेखीव पुष्करिणी आहे. मंदिराजवळून वाहणाऱ्या ओढ्याचे नाव आईने विचारले. ही प्रवराच, रतनगडावरून येते, असे कळताच ती काठावर बसून राहिली. ज्या नेवाशास शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली, ते याच नदीच्या काठी. आई रोज ज्ञानेश्वरीच्या ओव्या वाचते. पण त्या नदीचे बाळपण पाहावयास मिळेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हते. तिने ओंजळभर पाणी डोळ्यांस लावले आणि म्हणाली, "पुढच्या खेपेस एवढे लांबवू नका."

जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. पावसाळ्यात या बाजूचे दगड शेवाळाने निसरडे असतात, तेव्हा मुलांना कड्याच्या धारेशी जाऊ देऊ नये. हा प्रदेश १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. आपला केरकचरा आपणच परत आणावा. राहावयाचे झाल्यास पाड्यांतील घरांतच राहावे, मोबदला हात आखडून देऊ नये, आणि उन्हाळ्यात गेल्यास त्यांच्या हंड्यातील पाणी जपून वापरावे.

घरी परतल्यावर वहिनींनी काही मागितले नाही. दादांनीच सुचविले आणि सर्वांनी मान्य केले की, महिन्यातील एका रविवारी स्वयंपाक, भांडी व केर पुरुषांनी करावा. पहिल्या रविवारी आमटी खारट झाली, दुसऱ्या खेपेस भात लागला. पण नियम अद्याप मोडलेला नाही. न ठरविता निघालेल्या प्रवासातून घराला एक ठरलेली गोष्ट मिळाली, हा लाभ आम्ही मोठा मानतो. वाचकांच्या घरीही कधी पाहुणे न आल्यामुळे स्वयंपाक उरला, तर तो डब्यात भरावा आणि सह्याद्रीकडे तोंड करावे, एवढेच सुचवावेसे वाटते.