दुबई किती लांब?

शिरोली एमआयडीसीतील फौंड्री-कामगाराला ‘मुंबई किती लांब?’ असे विचारले, तर तो किलोमीटर सांगत नाही. ‘रात्री गाडीत बसायचे, उजाडता मुंबई,’ एवढेच सांगतो. हाच प्रश्न दुबईविषयी विचारला, की उत्तर येते, ‘विमानाने तीन तास!’ दोन्ही उत्तरे वेळेचीच. परंतु ती एका मापाने मोजलेली नाहीत. कशी, ते पाहू.

मुंबई आणि दुबई या दोन विमानतळांमधील हवाई अंतर सुमारे 1,930 किलोमीटर आहे. पृथ्वीच्या गोलावर दोन ठिकाणांमध्ये दोरी ताणून धरली, तर जे भरेल ते हे अंतर. जेट विमानाचा उंचावरील वेग ताशी साधारण 850 किलोमीटर धरला, तर भागाकार सव्वादोन तासांचा येतो. प्रत्यक्षात तीन-सव्वातीन तास लागतात. धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, उतरण्यासाठी पाळी येईपर्यंत थांबणे, यांत वेळ जातो. ठरलेले हवाई मार्गही दोरीसारखे सरळ नसतात. शिवाय हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात.

तिकीट मात्र वेगळेच सांगते. समजा, सकाळी 10 वाजता मुंबई सोडली, तर दुबईला 11.45 ला पोहोचल्याचे दिसते. परतताना 10 ला निघून मुंबईला दुपारी 2.30! याचे कारण, वेळा त्या त्या देशाच्या असतात. भारताची प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखावृत्ताची, तर दुबईची 60 अंशांची. फरक 22.5 अंशांचा, अंशाला 4 मिनिटे, म्हणजे 90 मिनिटे. जाताना दीड तास मिळवावा, येताना वजा करावा. मग सव्वातीन आणि तीन तास हे खरे उत्तर मिळते.

हा हिशेब मी मांडला, त्याला कारण घडले. माझा थोरला भाऊ दुबईत फिटर आहे. आजी वारली तेव्हा त्याला पहाटे फोन गेला. तो घरी आला दुसऱ्या दिवशी. ‘तीन तासांची वाट, तरी मातीला आला नाही,’ असे पाहुणे बोलले. पण विमानतळावर तीन तास आधी हजेरी, तीन तास उड्डाण, मुंबईत पासपोर्ट-तपासणी आणि सामान यांना एक तास, पुढे रस्त्याने सुमारे 380 किलोमीटरला नऊ तास, बेरीज सोळा! रजा आणि तिकीट मिळण्याचा वेळ निराळाच. उजळाईवाडीचा विमानतळ 1939 सालचा असला, तरी तिथल्या विमानाची वेळ जुळेलच असे नाही.

फौंड्रीत रस साच्यात ओतायला काही क्षण पुरतात. साचा तयार करणे आणि ओतीव थंड होणे यांतच दिवस जातो. विमानप्रवासही तसाच आहे. परदेशी गेलेल्या माणसाला ‘उशीर का केलास?’ असे विचारण्यापूर्वी वाचकांनी हा सोळा तासांचा हिशेब एकदा करून पाहावा, एवढीच विनंती.