हिरड्यांचा आजार : दोष जंतूंचा की प्रतिकाराचा?

बालरोगतज्ज्ञाने स्मरणिकेसाठी हिरड्यांवर लिहावे, याचे आमच्या दंतवैद्य मित्रांना कदाचित नवल वाटेल. आम्ही मुलाला 'आ कर' म्हणतो ते घशासाठी. टॉर्चचा प्रकाश हिरड्यांवरून सरकतो आणि टॉन्सिल्सवर स्थिरावतो. वास्तविक, शरीर आणि जंतू यांचे नाते समजून घ्यायचे तर हिरडीइतकी बोलकी जागा क्वचितच सापडेल.

शरीराचे आवरण भेदून कठीण अवयव बाहेर येतो, असे ठिकाण म्हणजे दात. जिथे हिरडी दाताला चिकटते, तिथे आवरणपेशींची एक अरुंद पट्टी असते. या पेशी टणक नसतात आणि त्यांच्यात बरीच मोकळी जागा असते. तटबंदीच्या दृष्टीने हा भाग दुबळा वाटतो. पण ही मोकळीक सहेतुक आहे. निरोगी हिरडीतही न्यूट्रोफिल पेशी रक्तवाहिन्यांतून निघून याच वाटेने दाताच्या कडेपर्यंत अखंड जात असतात आणि कीटणातील जंतूंना तेथेच थोपवून धरतात.

त्यांना बोलावणे धाडण्याचे काम आवरणपेशी करतात. जंतूंचे घटक ओळखणारे ग्राहक रेणू या पेशींवर असतात. ओळख पटताच त्या डिफेन्सिनसारखी जंतुनाशक प्रथिने स्रवतात आणि इंटरल्युकिन-८ हा रासायनिक संदेश सोडून न्यूट्रोफिलना पाचारण करतात. रक्तवाहिन्या रुंदावतात, हिरडी लाल होते, सुजते, ब्रश लागताच रक्त येते. हाच जिंजिव्हायटिस. डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १२ निरोगी व्यक्तींना दात घासणे बंद करण्यास सांगितले. १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. दात पुन्हा घासू लागताच सुमारे आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. या टप्प्यापर्यंतचा दाह संपूर्ण परतवता येतो.

पुढची अवस्था मात्र निराळी. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिस हा जंतू आवरणपेशींत शिरून राहू शकतो, इंटरल्युकिन-८ चा संदेश दडपतो आणि आपल्या विकरांनी संरक्षक प्रथिनांचे तुकडे करतो. दाह शमत नाही आणि जंतूही हटत नाहीत. मग फायब्रोब्लास्ट पेशी, ज्या एरवी कोलॅजन विणतात, त्याच ते विरघळवणारी विकरे निर्माण करू लागतात. फायब्रोब्लास्ट व लिंफोसाइट यांच्याकडून येणाऱ्या 'रँक-एल' या रेणूमुळे ऑस्टिओक्लास्ट जागृत होतात आणि दाताभोवतीचे हाड झिजते. दात हलतो तो असा. जंतू हाड खात नाहीत. ते काम आपल्याच पेशी करतात.

सर्वांच्या बाबतीत हे सारखे का घडत नाही? लो यांच्याच गटाने १९७० पासून श्रीलंकेतील चहामळ्यांवरील ४८० पुरुष कामगारांचे १५ वर्षे निरीक्षण केले. त्यांना दंतसेवा मिळत नव्हती, दात घासण्याची रूढ सवयही नव्हती. कीटण सर्वांच्याच दातांवर होते. तरीही सुमारे ८ टक्के लोकांत आजार झपाट्याने वाढला, ८१ टक्क्यांत मध्यम गतीने, तर ११ टक्के जणांत तो हिरड्यांच्या सुजेपलीकडे गेलाच नाही. अस्वच्छता सारखी, परिणाम तीन. प्रतिकाराचा वाटा किती मोठा आहे, हे यावरून उमगते.

बालरोगतज्ज्ञाला यात विशेष रस असण्याचे कारण म्हणजे निसर्गाने मुलांमध्येच केलेले काही दुर्मीळ प्रयोग. १९२४ मध्ये वर्णन झालेल्या पॅपिलॉन-लेफेव्र विकारात तळहात व तळपाय जाड, खरखरीत होतात आणि दुधाचे दात चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत गळून जातात. न्यूट्रोफिलची शस्त्रे सज्ज करणाऱ्या कॅथेप्सिन-सी या विकराच्या जनुकात दोष असतो, हे १९९९ मध्ये स्पष्ट झाले. ल्युकोसाइट अॅढिजन डेफिशिअन्सीमध्ये न्यूट्रोफिल रक्तात भरपूर असतात, पण रक्तवाहिनीबाहेर पडू शकत नाहीत. हिरड्यांपर्यंत शिपाई पोहोचत नाहीत म्हणून जंतू माजतात, असे बरीच वर्षे मानले जाई. २०१४ च्या संशोधनाने चित्र बदलले: न्यूट्रोफिल ऊतींत न आल्याने दाह आवरण्याचा संकेतही मिळत नाही, इंटरल्युकिन-१७ बेसुमार वाढते आणि हाड झिजते. २०१७ मध्ये अशा एका तरुण रुग्णाला या साखळीला रोखणारे उस्टेकिनुमॅब दिल्यावर हिरड्यांचा दाह ओसरल्याचे प्रसिद्ध झाले. म्हणजे तेथे मारक ठरला तो लगाम सुटलेला प्रतिकार.

हे विकार विरळा असले, तरी ते ओळखण्याची पहिली संधी बहुधा आपल्याकडेच येते. दुखापत नसताना चार वर्षांच्या आतल्या मुलाचा दुधाचा दात हलू लागला, तर 'दुधाचेच दात, पडायचेच' असे म्हणून पालकांची समजूत घालू नये. नाळ गळायला तीन-चार आठवड्यांहून अधिक काळ लागला होता का, त्वचेचे वा कानाचे संसर्ग वारंवार होतात का, हे विचारावे, तळहात-तळपाय पाहावेत, रक्तपेशींची मोजणी करून न्यूट्रोफिलचा आकडा स्वतः वाचावा. न्यूट्रोपेनिया, क्वचित ल्युकेमियाही हिरड्यांतून प्रथम दिसतो. हिरड्या निरोगी असूनही दात मुळासकट पडत असेल, तर हायपोफॉस्फेटेसिया आठवावा आणि अल्कलाइन फॉस्फेटेजची पातळी वयानुरूप कमी आहे का, ते पाहावे.

बाकी बहुसंख्य मुलांच्या लाल हिरड्यांना उपाय साधाच आहे. पहिला दात दिसताच तो घासायला सुरुवात करावी आणि सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्या माणसाने समोर उभे राहून घासून घ्यावेत. आपण डॉक्टरांनी मात्र घसा पाहण्यापूर्वी टॉर्च क्षणभर हिरड्यांवर थांबवावा. त्यासाठी वेगळे उपकरण लागत नाही.